रास्पबेरी पायवर लोरा मॉड्यूलसाठी लिनक्स ड्रायव्हर कसा लिहावा

आरएफएम९५डब्ल्यू हे लोराचे (कमी विजेत लांबवर डेटा पाठवणाऱ्या रेडिओचे) मॉड्यूल स्वस्त आहे, आणि त्यातली चिप एसएक्स१२७६ च्या रजिस्टरांशी जुळणारी असल्यामुळे डेटाशीट सहज मिळते. ड्रायव्हर शिकायला याहून चांगली वस्तू शोधावी लागत नाही. मात्र कर्नलचा कोड उघडण्याआधी चिप खरोखर उत्तर देते का, हे पाहून घ्या. ही पायरी गाळली की वायरिंगची चूक कोडमध्ये शोधत रात्र जाते.

मॉड्यूल ३.३ व्होल्टचे आहे, पायच्या पिनाही ३.३ व्होल्टच्या, म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर लागत नाही. ५ व्होल्ट मात्र चुकूनही देऊ नका. हेडरवरच्या १७ नंबरच्या पिनवरून ३.३ व्होल्ट घ्या आणि २० वरून ग्राउंड. मोसी (पायकडून चिपकडे जाणारा डेटा) १९ वर, मिसो (चिपकडून परत येणारा) २१ वर, क्लॉक २३ वर, चिप सिलेक्ट २४ वर जोडा. डीआयओ-० (चिप ज्यावरून इंटरप्ट देते ती पिन) पिन २२ वर (जीपीआयओ २५) आणि रीसेट पिन १८ वर (जीपीआयओ २४) येईल. मॉड्यूलच्या अगदी जवळ १० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड असे दोन कपॅसिटर लावा, कारण १७ डीबीएमवर पाठवताना ते ९० मिलिअँपिअरच्या आसपास एकदम ओढते. वायर १० सेंटिमीटरपेक्षा लांब नको. अँटेना म्हणून सुमारे ८६ मिलिमीटरची सरळ तार पुरते. अँटेना नसताना ट्रान्समिट करू नका, पॉवर अँप्लिफायर जळू शकतो.

आता कॉन्फिग फाइलमध्ये एसपीआय (वरच्या मोसी, मिसो, क्लॉक, चिप सिलेक्ट या चार तारांची बस) चालू करा आणि स्पायडेव्हमधून (एसपीआय थेट वापरू देणारा कर्नलचा तयार ड्रायव्हर) मोड ० वर, १ मेगाहर्ट्झ वेगाने दोन बाइट पाठवा: हेक्स ४२ आणि ००. दुसऱ्या बाइटच्या जागी हेक्स १२ परत आले पाहिजे. हा चिपच्या आवृत्तीचा क्रमांक. सतत ०० किंवा एफएफ येत असेल तर मिसो सुटलेली आहे, वीज नाही किंवा रीसेट खाली अडकलेला आहे. २४ किंवा ०९ अशी एका बिटाने सरकलेली किंमत आली तर एसपीआयचा मोड चुकला. १२ येईपर्यंत पुढे जाऊ नका.

कर्नलला या चिपची ओळख डिव्हाइस ट्री ओव्हरलेमधून, म्हणजे बोर्डाला काय जोडले आहे ते सांगणाऱ्या फाइलमधून होते. त्यात एसपीआय-० च्या पहिल्या चिप सिलेक्टवरचा स्पायडेव्ह आधी बंद करा, नाहीतर ती जागा व्यापलेली राहते आणि तुमचा प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरचे फंक्शन) कधी बोलावलाच जात नाही. मग नवा नोड लिहा: कंपॅटिबल नाव, कमाल वेग ८ मेगाहर्ट्झ (चिपची मर्यादा १० ची), इंटरप्ट आणि रीसेट जीपीआयओ. रीसेट 'ॲक्टिव्ह लो' म्हणून नोंदवा. इथे हमखास गोंधळ होतो: एकदा तशी नोंद केली की कोडमध्ये १ लिहिणे म्हणजे 'रीसेट लागू करा', आणि पिन प्रत्यक्षात खाली जाते. लोक दोन्हीकडे उलटवतात आणि चिप कायम रीसेटमध्ये राहते. पिन १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त खाली धरा, सोडा, मग किमान ५ मिलिसेकंद थांबा.

ओव्हरलेच्या नावाबरोबर ड्रायव्हरमध्ये एसपीआयच्या आयडींचा तक्ताही द्या. फक्त डिव्हाइस ट्रीचा तक्ता दिला तर हाताने लोड केल्यावर सगळे चालते, पण बूट होताना मॉड्यूल आपोआप लोड होत नाही. जुन्या नमुन्यांत रिमूव्ह फंक्शन इंट परत करते. कर्नल ५.१८ पासून ते व्हॉइड आहे.

रजिस्टरांसाठी स्वतःची वाचन-लेखनाची फंक्शने लिहू नका, कर्नलमधली तयार रेगमॅप सोय वापरा. पत्ता ८ बिट, किंमत ८ बिट, लिहिण्याचा मास्क हेक्स ८०. इथून पुढे रजिस्टरांचे पत्ते आणि त्यांतल्या किमती हेक्समध्ये आहेत, आणि बिट शून्यापासून मोजले आहेत. फिफो (पॅकेटचे बाइट ठेवणारी चिपमधली जागा) मात्र वेगळा: तो ०० या एकाच पत्त्यावर असतो, म्हणून तिथे पत्ता न वाढवणारी 'नोइंक' फंक्शने वापरावी लागतात.

प्रोबमध्ये क्रम महत्त्वाचा. लोराचा बिट (रजिस्टर ०१ मधला सातवा) फक्त स्लीपमध्येच बदलतो. आधी ०० लिहा, मग ८०, मग स्टँडबायसाठी ८१. थेट स्टँडबायमधून बदलायला गेलात तर चिप गुपचूप एफएसके या दुसऱ्या रेडिओ मोडमध्येच राहते आणि पुढची निम्मी रजिस्टरे वेगळाच अर्थ घेतात. लिहिल्यावर ०१ परत वाचून खात्री करा.

फ्रिक्वेन्सी काढायची पद्धत: मेगाहर्ट्झला १६३८४ ने गुणा. भारतात ८६५ ते ८६८ चा पट्टा परवानामुक्त आहे, आणि लोरावॅनचा (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कचा) इथला एक चॅनल ८६५.०६२५ आहे. त्याचे उत्तर १,४१,७३,१८४, म्हणजे ०६, ०७, ०८ या रजिस्टरांत अनुक्रमे डी८, ४४, ००. पॉवरसाठी ०९ मध्ये ८एफ लिहा. या मॉड्यूलवर फक्त पीए बूस्टची (जास्त पॉवरच्या आउटपुटची) पिन अँटेनाला जोडलेली असते. ती निवडणारा वरचा बिट विसरलात तर ट्रान्समिट 'यशस्वी' दिसते आणि शेजारच्या खोलीतही काही पोहोचत नाही. १२५ किलोहर्ट्झवर स्प्रेडिंग फॅक्टर (प्रत्येक संकेत किती लांबवायचा तो आकडा) ११ किंवा १२ असेल तर २६ मधला तिसरा बिट लावा, आणि तो दोन्ही टोकांना सारखा ठेवा.

खरी कसोटी इंटरप्टची. एसपीआयचा व्यवहार झोपू शकतो (थांबून वाट पाहू शकतो), म्हणून तो हार्ड इंटरप्टमध्ये करता येत नाही. थ्रेडेड इंटरप्ट मागा आणि 'वनशॉट' फ्लॅग द्या. पहिले हँडलर रिकामे ठेवून हा फ्लॅग गाळला तर सहसा विनंतीच नाकारली जाते. ट्रिगर वाढत्या कडेवर न ठेवता उच्च पातळीवर ठेवा. चिपमधला इंटरप्टचा बिट पुसेपर्यंत डीआयओ-० पिन उच्च पातळीलाच राहते. ड्रायव्हर लोड होताना ती आधीच वर असेल तर कड कधीच येणार नाही आणि ड्रायव्हर कायमचा गप्प बसेल. पातळीवर ठेवल्यास ही अडचण उरत नाही.

थ्रेडमध्ये रजिस्टर १२ वाचा आणि जे बिट दिसले तेवढेच परत लिहून पुसा, कारण १ लिहिल्याने बिट साफ होतो. सहावा बिट पॅकेट आल्याचा, पाचवा सीआरसी (पॅकेट शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) चुकल्याचा, तिसरा पाठवून झाल्याचा. पॅकेट आले असेल तर १० मधला पत्ता ०डी मध्ये टाका, १३ मधून लांबी घ्या आणि तेवढेच बाइट वाचा. ०डी ची पायरी चुकली तर मागच्या पॅकेटचे तुकडे येतात. पाठवणाऱ्याने सीआरसी लावलेलाच नसेल तर पाचवा बिट कधीच लागत नाही. १सी मधला सहावा बिट पाहिल्याशिवाय अशा पॅकेटवर विश्वास ठेवू नका.

पाठवताना स्टँडबायमध्ये जा, ०ई आणि ०डी दोन्ही शून्य करा, फिफो भरा, २२ मध्ये लांबी, ४० मध्ये हेक्स ४० (म्हणजे डीआयओ-० आता 'पाठवून झाले' सांगेल) आणि शेवटी ०१ मध्ये ८३. काम झाले की चिप स्वतः स्टँडबायला येते. तिला ४० मध्ये ०० आणि ०१ मध्ये ८५ लिहून पुन्हा ऐकायला लावणे ड्रायव्हरचे काम आहे. 'एक पॅकेट पाठवले की नंतर काहीच येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. फिफो भरल्यावर स्लीपमध्येही जाऊ नका, तो रिकामा होतो.

पाठवणारा कोड आणि इंटरप्टचा थ्रेड दोघेही ०डी हलवतात. रेगमॅपचे कुलूप एकेका व्यवहारापुरते असते, म्हणून हा सगळा क्रम तुमच्या स्वतःच्या म्युटेक्सखाली (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपाखाली) ठेवा. एका टोकाकडून दर सेकंदाला पॅकेट सोडून दुसऱ्या टोकाला सतत पाठवत आणि ऐकत ठेवा. म्युटेक्स विसरला असेल तर काही वेळाने बिघडलेली पॅकेटे दिसू लागतील.