स्टेशनचं काम निघालंय? मग रोजचा प्रवास असा बसवा

एक दिवस स्टेशनवर पत्रे उभे राहतात, त्यावर दिलगिरीची पाटी लागते आणि तिथून पुढे वर्ष-दोन वर्षं आपली सकाळ त्या पत्र्यांच्या हिशोबाने चालते. माझ्या रोजच्या स्टेशनवर हे दोनदा झालं, एकदा जुना पूल पाडून नवा बांधला तेव्हा आणि नंतर प्लॅटफॉर्मची लांबी वाढवली तेव्हा. पहिल्या वेळी मी तीन आठवडे जवळजवळ रोज लेट पोचत होते, दुसऱ्या वेळी एकदाही नाही. गाड्या दोन्ही वेळेला तेवढ्याच उशिरा होत्या, फरक फक्त मी काय बघून निघायचे त्यात होता, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आपण सगळे टाइमटेबल बघत बसतो, कुठली रद्द, कुठली दहा मिनिटं लेट. ते बघायचंच, पण काम चालू असताना जास्त वेळ गाडीत जात नाही, स्टेशनच्या आत जातो. माझं गेट ते प्लॅटफॉर्म अंतर पूर्वी चार मिनिटांचं होतं, मधला पूल बंद झाल्यावर टोकाच्या पुलावरून फिरून जायला अकरा मिनिटं लागायला लागली, म्हणजे गाडी अगदी टायमावर आली तरी मी सात मिनिटं मागेच. आणि ही सात मिनिटं कुठल्याही ॲपवर दिसत नाहीत, कुठली अनाउन्समेंट होत नाही, ती आपली आपणच मोजावी लागतात.

मोजायचं असं. ऑफिसच्या दिवशी, तुमच्या नेहमीच्याच वेळेला, पण हाताशी अर्धा तास जादा ठेवून जा. सुट्टीच्या दिवशी मोजून काही उपयोग नाही कारण तेव्हा जिना रिकामा असतो. गेटपाशी फोनचं स्टॉपवॉच लावा आणि तीन टप्पे वेगवेगळे लिहून ठेवा: गेट ते जिन्याची पहिली पायरी, जिना आणि पूल ओलांडून प्लॅटफॉर्म, आणि प्लॅटफॉर्मवर उतरल्यापासून तुमचा डबा येतो ती जागा. तीन दिवस मोजा आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरा, सरासरी काढू नका, कारण सरासरीवर निघालात तर दर दोन-तीन दिवसांनी गाडी चुकणारच. तीन टप्पे वेगळे ठेवायचं कारण असं की पत्रे सरकतात तेव्हा बहुतेक वेळा एकच टप्पा बदलतो आणि तेवढाच परत मोजला की काम भागतं.

हे मोजताना मला जे सापडलं ते सांगते कारण त्यानेच माझा प्रश्न सुटला. जिन्याची अर्धी रुंदी पत्रे लावून बंद केली होती, राहिलेल्या अर्ध्यातून चढणारे आणि उतरणारे दोघंही. मी ८.५२ ला जिन्याखाली पोचायचे आणि नेमकी ८.५० ची समोरची गाडी रिकामी होऊन सगळा लोंढा वरून खाली येत असायचा, त्या पत्र्याच्या कडेला खांदा लावून, बॅग पोटाशी धरून मी उभी, एक पायरी चढायची, थांबायचं, परत एक पायरी. सहा-सात मिनिटं त्यातच जायची. एक दिवस चुकून ८.४६ ला पोचले तर जिना मोकळा, सव्वा मिनिटात वर. म्हणजे नुसतं लवकर निघून उपयोग नव्हता, समोरची गाडी यायच्या आधी जिना चढून जाणं हे खरं गणित होतं. तुमच्या स्टेशनवरही अशीच एखादी तुंबणारी जागा असेल, दोन-तीन दिवस लक्ष देऊन बघा, कुठली गाडी रिकामी झाली की जिना तुंबतो आणि किती वेळात मोकळा होतो. पाच-सहा मिनिटं अलीकडे-पलीकडे केलं की बऱ्याचदा वीस मिनिटं लवकर निघायची गरजच पडत नाही.

जिना तुंबलेला असेल तर मात्र त्यात घुसू नका, हे मी कळकळीने सांगतेय. एका चौरस मीटरमध्ये पाचाच्या वर माणसं झाली की गर्दी धोक्याची होते, तिथे आपलं पाऊल कुठे पडणार हे आपल्या हातात राहत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन्ही हात छातीशी दुमडून घेता येत नसतील तर मागे व्हा, मागे होता येत नसेल तर ढकलू नका, कडेला सरकत सरकत बाहेर निघा. एक गाडी गेली तर जाऊ दे.

आता नोटीस वाचायची कशी. नोटिशीत सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. मोठी कामं रात्री शेवटची गाडी गेल्यावर सुरू होतात, त्यामुळे "शुक्रवारी रात्री १२.३०" असं कुणी म्हणालं तर कॅलेंडरवर तो शनिवार असतो, आणि लोक एक दिवस आधी किंवा एक दिवस नंतर स्टेशनवर येऊन उभे राहतात. २०२४ मध्ये ठाण्याचा ५ नंबर प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ गाड्यांना बंद, घेतला होता, तो ३० आणि ३१ मे च्या मधल्या रात्री साडेबाराला सुरू होऊन २ जूनला दुपारी साडेतीनला संपणार होता, म्हणजे गुरुवारी रात्री झोपताना सुरू होऊन रविवारी दुपारपर्यंत. ६३ तास हा आकडा नुसता ऐकला की काही कळत नाही, तो आपल्या कॅलेंडरवर तासांनी मांडला की कुठल्या तीन फेऱ्या बुडणार ते दिसतं. तेव्हा नोटीस मिळाली की पहिलं काम हेच, सुरुवात आणि शेवट दोन्ही फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, वारासकट.

दुसरं, गाडी धावणार आहे का एवढंच बघू नका, आपल्या स्टेशनवर थांबणार आहे का ते बघा. लंडन ब्रिज स्टेशन नव्याने बांधत होते तेव्हा जानेवारी २०१५ ते ऑगस्ट २०१६ पुढे चेरिंग क्रॉस स्टेशनला जाणाऱ्या गाड्या लंडन ब्रिजला थांबतच नव्हत्या, आणि त्या थांबायला लागल्यावर पाळी कॅनन स्ट्रीट स्टेशनला जाणाऱ्या गाड्यांची, त्या जानेवारी २०१८ पर्यंत न थांबता जायच्या. गाड्या धावत होत्या पण तिथे उतरणाऱ्याला पुढे जाऊन उलटं यावं लागायचं. नोटिशीत "धावेल" आणि "थांबेल" हे दोन शब्द वेगवेगळे शोधा.

तिसरं म्हणजे टप्पे. एक ब्लॉक झाला की काम संपलं असं आपल्याला वाटतं. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर यामानोते लाइनचा प्लॅटफॉर्म रुंद करताना ऑक्टोबर २०२१ मध्ये एका दिशेच्या गाड्या दोन दिवस काही भागात बंद होत्या, मग जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्या दिशेच्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये परत दोन दिवस. म्हणजे दोन वर्षांत तीनदा तेच स्टेशन. कामाच्या पाटीवर किंवा रेल्वेच्या साइटवर एकूण टप्पे किती ते दिलेलं असेल तर बघून ठेवा, नसेल तर स्टेशनवर विचारा. तीन महिन्यांचा किंवा वर्षाचा पास काढायच्या आधी तर नक्की, कारण मधले दोन महिने तुमचं स्टेशनच बंद असणार असेल तर महिन्याचा पास काढणं परवडतं.

ब्लॉक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत होईल असं धरून चालू नका. नवीन रूळ टाकले किंवा जुने सरकवले की खालची खडी बसायला वेळ लागतो, तोपर्यंत गाड्या तिथून हळू सोडतात, आणि सिग्नल हलवले असतील तर त्यांच्या चाचण्या कधीकधी सकाळपर्यंत लांबतात. शनिवार-रविवार ब्लॉक असेल तर सोमवारी मी पाऊण तास लवकर निघते आणि महत्त्वाची मीटिंग मंगळवारावर ढकलते.

पर्यायी रस्ता हा काम सुरू व्हायच्या आधी एकदा तरी जाऊन बघायचा असतो. मॅपवर पंचवीस मिनिटं दिसतं पण बस कुठे थांबते, रस्ता कुठे ओलांडायचा, सुट्टे लागतात का कार्ड चालतं, हे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही आणि ज्या दिवशी गाडी बंद पडते त्या दिवशी हे शिकत बसायला वेळ नसतो. दोन पर्याय ठेवा, एक शेजारच्या स्टेशनवरून आणि एक ती लाइनच पूर्ण टाळणारा, कारण मोठ्या ब्लॉकला शेजारचं स्टेशनही त्याच गर्दीने भरलेलं असतं. शेजारचं स्टेशन दोन किलोमीटरच्या आत असेल तर बसच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा चालत जा असं माझं स्पष्ट मत आहे. साधा हिशोब आहे, एका गाडीतून हजारभर माणसं उतरतात आणि एका बसमध्ये साठ-सत्तर मावतात, म्हणजे एक गाडी रिकामी करायला पंधरा बस लागतात आणि तेवढ्यात पुढची गाडी आलेली असते. बसनेच जायचं असेल तर ती जिथून सुटते तिथे जाऊन बसा, मधल्या स्टॉपवर ती भरूनच येते.

तिकिटाचं आधी विचारून ठेवा. आपला पास बसमध्ये किंवा दुसऱ्या लाइनवर चालणार का, चालत असेल तर कुठून कुठपर्यंत आणि कुठल्या तारखेपर्यंत. तोंडी उत्तरावर जाऊ नका, ज्या नोटिशीत ते लिहिलंय तिचा फोटो तारखेसकट दिसेल असा काढून फोनमध्ये ठेवा, तपासनीस भेटला तर तोच दाखवायचा. रिफंड मिळणार असेल तर त्याची मुदत बघा, ती बहुतेक वेळा आपल्याला वाटते त्यापेक्षा छोटी असते. आणि ऑफिसला उशीर झाल्यावर फोन करून सांगण्यापेक्षा आधीच्या आठवड्यात नोटीस जोडून एक मेल टाका, या या तारखांना मी अर्धा तास उशिरा येईन आणि तेवढं उशिरापर्यंत थांबेन, एवढं पुरतं. जपानमध्ये गाडी लेट झाली की रेल्वेच तसं सर्टिफिकेट देते, आपल्याकडे तशी सोय नसेल तर इंडिकेटरचा फोटो काढून ठेवा.

फॉरवर्ड आलेल्या नोटिशींबद्दल एकच सांगते, तारीख आणि वर्ष बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका. जुन्या ब्लॉकची नोटीस फिरत येते आणि पन्नास जण विनाकारण सुट्टी टाकतात.

आता लिफ्टचं, आणि हे मला सगळ्यात जास्त जवळचं आहे. पूल बंद झाला की आपल्याला सात मिनिटं जास्त लागतात, पण लिफ्ट बंद झाली की व्हीलचेअरवरच्या माणसाचं स्टेशनच बंद होतं. माझ्या आईचे गुडघे दुखतात, लिफ्ट बंद असताना एकदा ती कठड्याला धरून अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरली, दर आठ-दहा पायऱ्यांवर थांबून, आणि मागची माणसं तिला ओलांडून जात होती. त्यानंतर आम्ही जी युक्ती केली ती खूप कामाची आहे. ज्या प्लॅटफॉर्मवर उतरायचंय तिथली लिफ्ट बंद असेल तर आपल्या स्टेशनवर उतरूच नका, एक-दोन स्टेशन पुढे जिथे लिफ्ट चालू आहे तिथे जा, लिफ्टने समोरच्या प्लॅटफॉर्मवर या आणि उलटी गाडी पकडून परत या, म्हणजे आपल्या स्टेशनवर रस्त्याच्या बाजूच्या प्लॅटफॉर्मला उतरता येतं. पंचवीस मिनिटं जास्त जातात पण एकही पायरी नाही. तिकीट त्या पुढच्या स्टेशनपर्यंतचं काढा म्हणजे वाद नको. आदल्या दिवशी दोन्ही स्टेशनला फोन करून लिफ्ट खरंच चालू आहे ना ते विचारा, ॲपवरचं "चालू" धरून जाऊ नका. आणि जिन्यावर कुणी हळू चढत असेल तर त्यांच्या मागे चाला, तुम्ही मागे राहिलात की बाकीची गर्दी त्यांना धक्का देत नाही.

प्लॅटफॉर्मवर पायाखाली बघा. उंची वाढवायचं काम चालू असलं की एका डब्यापाशी पायरी खाली जाते आणि दुसऱ्या डब्यापाशी वर, त्यामुळे रोजच्या सवयीने टाकलेलं पाऊल चुकतं, फळ्या टाकलेल्या असतील तर पावसात त्या घसरतात. टोकाचा भाग बंद असेल तर शेवटचे डबे प्लॅटफॉर्मच्या बाहेर थांबू शकतात, तेव्हा उतरायच्या स्टेशनवर कुठला डबा कुठे येतो ते बघून चढताना मधला डबा धरा.

तक्रार करायची असेल तर नुसतं "फार गैरसोय होतेय" असं लिहू नका, त्याचं कुणी काही करू शकत नाही. जागा, वेळ, फोटो आणि एकच मागणी लिहा. आमच्या तात्पुरत्या जिन्याच्या वळणावर संध्याकाळी सातनंतर मिट्ट अंधार असायचा, मी तीन फोटो लावून "या वळणावर एक दिवा लावा" एवढंच लिहिलं आणि चार दिवसांत दिवा लागला. त्याआधी महिनाभर कित्येक जण कामाला नावं ठेवत होते पण दिवा मागितला नव्हता कुणी.

नवा पूल उघडला त्या दिवशी मी परत स्टॉपवॉच लावलं, गेट ते प्लॅटफॉर्म तीन मिनिटं वीस सेकंद. पण अलार्म लगेच मागे घेऊ नका, पहिला आठवडाभर जुन्या पाट्या तशाच असतात, निम्मे लोक नवीन जिन्याच्या तोंडाशी थांबून कुठे जायचं ते शोधत असतात आणि उद्घाटनानंतरही लिफ्ट सुरू व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या दिवशी परत तीन टप्पे मोजा, आणि मग अलार्म बदला.