नऊ अंकी संख्या कागदावर कशी फोडायची

मोठी संख्या दिसली की बहुतेकजण तिचे अवयव पाडायला २, ३, ५, ७ असं भागत सुटतात आणि पन्नाशीच्या आत कंटाळतात. मी तसं करत नाही. उदाहरणाला १२३४५६७८९ घेऊ.

आधी सोप्या कसोट्या. शेवटी ९ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ने भाग जातो आणि उरतात १३७१७४२१. यांची बेरीज २६, म्हणजे आता ३ संपला. ७, ११, १३ यांचा निकाल एकदमच लावायचा, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने अधिक-उणे करा: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. चिन्ह विसरा, २८३ला तिघांपैकी कोणीही भागत नाही, म्हणून १३७१७४२१लाही नाही.

इथून पुढे भागत बसलात तर पहिला विभाजक सापडेपर्यंत सुमारे पाचशे भागाकार होतील. त्याऐवजी सतराव्या शतकातल्या पिएर द फर्माची युक्ती वापरा. वर्गमूळ काढा: ३७०३ आणि थोडं वर. लगेचची मोठी संख्या ३७०४. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा: १३७१९६१६ − १३७१७४२१ = २१९५. ही पूर्ण वर्ग नाही. ५ने संपणारा वर्ग नेहमी २५ने संपतो. पुढे ३७०५: १३७२७०२५ − १३७१७४२१ = ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८चा वर्ग! दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावलं की (३७०५ − ९८)(३७०५ + ९८), म्हणजे ३६०७ × ३८०३. हा क्षण मला कितीही वेळा अनुभवला तरी तितकाच आवडतो.

अवयव एकमेकांपासून लांब असतील तर ही युक्ती फार दमवते. दहा-वीस पायऱ्यांत काही हाती लागलं नाही तर परत भागाकाराकडे वळा.

३६०७साठी ५९पर्यंतच्या आणि ३८०३साठी ६१पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. दोन्ही मूळच निघतात. म्हणून १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३.

अवयव मिळाले की वर्गीकरण पटापट होतं. घातांकांत एक-एक मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२ विभाजक. त्यांची बेरीज (१ + ३ + ९)(१ + ३६०७)(१ + ३८०३), म्हणजे १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६. त्यातून खुद्द संख्या वजा केली की ५४९६६०२७ उरतात, संख्येपेक्षा कमी. म्हणून ती न्यून संख्या, परिपूर्ण नव्हे; परिपूर्ण असती तर नेमकी संख्येइतकीच बेरीज उरली असती.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? ४ने भागल्यावर बाकी १ उरते, त्यामुळे आशा वाटते. पण ३६०७ला ४ने भागल्यावर बाकी ३ येते आणि हा अवयव एकदाच आहे. असा अवयव विषम वेळा आला की ते शक्यच नसतं.