बोकडाची चरबी फेकू नका: ताटासाठी आणि भेगाळलेल्या टाचांसाठी ती कशी वापरावी

पूर्वजांसारखे खायचे म्हणून काही जण रोज पावशेर बोनलेस मटण खाऊ लागतात आणि पंधरा दिवसांत कंटाळतात. पूर्वी गावात पोळ्याच्या करीला किंवा आखाडीला बोकड कापला की मुंडी, पाय, वजडी, कलेजी, रक्ती, चरबी सगळे वाट्यात यायचे आणि सगळे शिजायचे. खरा फरक इथे आहे. मांस वाढवण्यापेक्षा अख्खा प्राणी वापरणे महत्त्वाचे. त्यातही खाटकाच्या ओट्यावरून कुत्र्यांपुढे जाणारी चरबी सर्वांत दुर्लक्षित. ती कढवली तर फोडणीला चालते आणि तिचे मलम कापूस वेचणाऱ्या पायांना हिवाळाभर पुरते.

परदेशी लेखांत या कामाला गाय-बैलाची चरबी सांगितलेली असते. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशहत्याबंदी आहे, तेव्हा इथे विचार बोकडाचा किंवा मेंढीचाच करायचा.

खाटकाकडे काय मागावे

बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर जा. उशीर झाला तर कलेजी आणि गुर्द्याभोवतीची चरबी संपलेली असते. शेळीवर्गातल्या जनावराची चरबी कातडीखाली कमी आणि पोटात जास्त साठते. गुर्द्याला लपेटलेली घट्ट, पांढरी, ठिसूळ चरबी कढवायला सर्वांत चांगली. आतड्यावरची जाळीदार चरबीही चालते, पण ती धुवायला वेळ लागतो आणि थोडा वास राहतो. एक किलो हवी असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण आपल्याकडच्या चरून वाढलेल्या एका बोकडात तेवढी निघेलच असे नाही.

बोकड खच्ची केलेला आहे का, हे विचाराच. खच्ची न केलेल्या मोठ्या बोकडाचा उग्र दर्प चरबीत उतरतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. मलम बिघडण्याचे हे पहिले कारण.

कलेजी आणि फुप्फुस हातात घेऊन पाहा. पाण्याने भरलेल्या फुग्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो अवयव घेऊ नका आणि कुत्र्यालाही घालू देऊ नका. त्या गाठी फीतकृमीच्या असतात. कुत्र्याने खाल्ल्या की कृमी त्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर आणि तिथून माणसाच्या पोटात जातात. असा अवयव खोल खड्ड्यात पुरावा. आजाराने मेलेले जनावर तर कधीच कापू नये, फाशी रोगासारखे (अँथ्रॅक्स) आजार ते सोलणाऱ्यालाही गाठतात.

पाय: रस्सा गोठला पाहिजे

चार पाय निखाऱ्यावर भाजून केस जाळा, सुरीने खरवडा, हळद लावून धुवा. कुकरमध्ये दीड लिटर पाणी, पाय, अर्धा चमचा हळद, आल्याचा तुकडा, सात-आठ मिरे. एक शिटी झाली की आच मंद करून 45 मिनिटे ठेवा. मीठ शेवटी.

रात्रभर थंड राहिलेला रस्सा सकाळी चमच्याने हलवला की खरवसासारखा थरथरला पाहिजे. तसा झाला नाही तर पाणी जास्त पडले किंवा वेळ कमी दिला. पुन्हा अर्धा तास उकळा. थरथरते ते जिलेटिन. हाडातले कॅल्शियम मात्र पाण्यात फारसे उतरत नाही, त्यामुळे पायाच्या रश्शाने हाडे मजबूत होतात या भरवशावर ताक आणि तीळ सोडू नका. उन्हाळ्यात रस्सा त्याच दिवशी संपवा. फ्रीज असेल तर तीन दिवस, आणि लाइट गेली असेल तर खाण्याआधी पुन्हा खळखळून उकळी.

कलेजी: थोडी, पण नेमाने

आठवड्यातून एकदा 75 ते 100 ग्रॅम पुरे. कलेजीत जीवनसत्त्व अ इतके असते की 100 ग्रॅममध्ये मोठ्या माणसाची कित्येक दिवसांची गरज भागते. ते शरीरात साठते, म्हणून रोज खाल्ल्याने फायद्याऐवजी त्रास होतो. रक्त वाढावे म्हणून गरोदर बाईला आग्रहाने कलेजी खाऊ घालतात, ते टाळा. जास्त झालेले हेच जीवनसत्त्व गर्भाला बाधते. तिच्यासाठी मटण, अंडी आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बऱ्या.

कलेजीचे बोटाएवढे तुकडे तापलेल्या चरबीत टाका, मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे परता आणि मीठ उतरवताना घाला. मीठ आधी पडले की पाणी सुटते, मग ती शिजत राहते आणि रबरासारखी होते. आतला लालसरपणा पूर्ण गेला पाहिजे.

ताट कसे बदलावे

भाकरी एकदम बंद करू नका. पहिल्या आठवड्यात तीन भाकरींच्या दोन करा आणि त्या जागी दोन अंडी किंवा वाटीभर वजडी घ्या. 100 ग्रॅम कच्च्या मटणात साधारण 20 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 150 ग्रॅम मटण आणि दोन-तीन अंडी दिवसाला भरपूर झाली. उरलेली भूक चरबीने, भाजीने आणि एखाद्या भाकरीने भागवायची.

चरबी वगळून नुसते मांस खाणे ही मोठी चूक. ध्रुवप्रदेशात इनुइट लोकांबरोबर राहिलेले व्हिल्यालमुर स्टेफान्सन 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ मांसाहारावर राहिले. सुरुवातीला त्यांना चरबी नसलेले मांस दिले, तेव्हा मळमळ आणि जुलाब लागले. चरबी दिल्यावर ते थांबले. आपल्याकडचा बोकड मुळात सडपातळ असल्यामुळे हे इथे जास्त लागू पडते.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी-भात अचानक कमी केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. मूत्रपिंडाचा आजार आणि युरिक ॲसिडचा सांधेवात असलेल्यांना कलेजी, गुर्दा, भेजा त्रास देतात. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते त्यांच्या अंगात आधीच लोह साठलेले असते, त्यांनी रक्त वाढवण्यासाठी कलेजी-रक्तीचा मारा करू नये.

चरबी कढवणे

लोणी कढवल्यासारखेच हे काम आहे, फक्त घाई चालत नाही.

1. एक किलो चरबीतून रक्ताचे धागे, मांस आणि पडदा काढून टाका. हे राहिले की वास राहतो. हरभऱ्याएवढे तुकडे करा. खाटकाने खिमा करून दिला तर उत्तम.
2. जाड बुडाच्या पातेल्यात पावशेर पाणी आणि चरबी घाला. पाण्यामुळे सुरुवातीला बूड लागत नाही. जाळावर नाही, निखाऱ्यावर ठेवा. अधूनमधून हलवत दीड-दोन तास.
3. तुकडे तळाशी बसून बदामी होऊ लागले आणि बुडबुडे थांबत आले की उतरवा. तुकडे गडद झाले तर चरबीला जळका वास येतो. तो मलमातून निघत नाही.
4. धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळा. साधारण 600 ते 700 ग्रॅम मिळते. खाण्यासाठीची चरबी इथेच वेगळी काढा.
5. मलमासाठी अजून धुवायची. चरबीत अर्धा लिटर पाणी आणि मोठा चमचाभर मीठ घालून वीस मिनिटे मंद उकळा आणि रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी वर पांढरी चकती जमते. ती उचला, खालच्या बाजूला चिकटलेला तपकिरी गाळ सुरीने खरवडा. असे दोनदा मिठाच्या पाण्यात आणि शेवटी एकदा साध्या पाण्यात करा.
6. चकती पुन्हा वितळवून तडतड पूर्ण थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवा. थेंबभर पाणी आत राहिले तरी महिनाभरात बुरशी धरते.

गाळणीवर उरलेले कुरकुरीत तुकडे मीठ-तिखट लावून ज्वारीच्या भाकरीबरोबर खा.

मलम

बोकडाची चरबी नुसती लावली तर मेणबत्तीसारखी कडक लागते, म्हणून तेल मिसळावे लागते. 150 ग्रॅम चरबी, 40 ग्रॅम तेल, 10 ग्रॅम मधाच्या पोळ्याचे मेण. मे महिन्यात चंद्रपूरसारख्या उन्हात हे पातळ होते, तेव्हा मेण 20 ग्रॅम करा. तेल तिळाचे चालेल, पण गडचिरोली-गोंदियाकडे मिळणारे मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे, आमच्या मते सर्वांत चांगले. थंडीत ते स्वतःच अर्धवट गोठते आणि चरबीत छान मुरते. जवसाचे तेल घरात असते म्हणून वापरू नका. ते हवेत सुकून चिकट होते आणि लवकर खवट होते.

आधी मेण आणि चरबी गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवा, मग तेल घाला. उतरवून वाटी माठातल्या थंड पाण्यात धरा आणि गोठेपर्यंत फेटत राहा. हळूहळू गोठले तर रव्यासारखे दाणे पडतात. दाणे पडले तर फेकू नका, पुन्हा वितळवून लवकर थंड करा. कोरड्या स्टीलच्या डबीत भरा, ओला हात आत घालू नका.

घरात माळकरी कोणी असतील तर त्यांची डबी वेगळी करा. टोरीचे तेल आणि मेण चारास एक घेऊनही कामापुरते मलम होते. चरबीचे आहे हे न सांगता कोणाला लावायला देऊ नये.

लावण्याआधी पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवा, पाय घासायच्या वजरीने हलके घासा, टिपून घ्या आणि कातडी ओलसर असतानाच मलम चोळा. वरून जुने मोजे घालून झोपा. मलम स्वतः ओलावा देत नाही, आतला ओलावा उडू देत नाही. कोरड्या भेगेवर लावले तर काही होत नाही, ही तक्रार बहुतेकांची असते. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर वजरी वापरू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील तर तिथे लावू नका. चरबी उन्हापासून वाचवते असे सांगितले जाते, तेही खरे नाही. त्यासाठी दुपट्टाच.

फवारणीच्या दिवशी सकाळी हे मलम लावून शेतात जाऊ नका. कित्येक कीटकनाशके तेलात विरघळतात आणि तेलकट कातडीला धरून राहतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. त्या दिवशी संध्याकाळी साबणाने आंघोळ झाल्यावरच पायांना लावा.

डबीतल्या मलमाला जुन्या तेलासारखा खवट वास आला की अंगाला लावणे थांबवा. ते विळ्याच्या आणि कुऱ्हाडीच्या पात्याला फासून ठेवा, पावसाळ्यात गंज धरत नाही. मात्र शेवटची साध्या पाण्याची धुणी चुकवली असेल तर पात्यालाही लावू नका. राहिलेल्या मिठाने लोखंड उलट लवकर गंजते.