थंडीत ग्रुपनं शिवारात फिरायला जाताय? गाई-म्हशी, मेंढरांना भेटायचं कसं ते आधी वाचा

डिसेंबर लागला की बेळगावच्या भोवतालचं शिवार बघण्यासारखं होतं. भाताची सुगी आटपलेली असते, खळ्यावर पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजी रचलेल्या असतात आणि त्याच ओलीवर पेरलेले मसूर, हरभरा, वाटाणे वर आलेले असतात, आणि सुगी झाल्यामुळे माणसं पण जरा निवांत असतात, दोन शब्द बोलायला त्यांना वेळ असतो. म्हणून फिरायचं तर ह्याच दिवसात.

आधी ग्रुप ठरवा. आठ-दहाच्या वर माणसं घेऊ नका, वीस जण एकदम गोठ्यासमोर आले की जनावर बुजतं आणि मालकालाही काही सुचत नाही. घरचा कुत्रा कितीही गुणाचा असला तरी त्याला आणायचं नाही, वासरू असलेली गाय कुत्रा बघून अंगावर येते आणि मग पट्टा धरलेला माणूस मधी सापडतो.

वाट सोपी निवडा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी येळ्ळूर सांगते, बासमती भाताचं गाव, तिथनं पाणंदीनं शिवारातून राजहंसगडाच्या पायथ्याला जायचं आणि जमलं तर वर गडावर सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन यायचं. रमतगमत अर्धा दिवस धरा. उजाडता उजाडता निघा, कारण धारा काढणं, वैरण टाकणं, शेण भरणं हे सगळं सकाळी चालतं आणि जनावरं बघायची तर तेव्हाच. स्वेटर, कानटोपी पाहिजेच, आणि बूट जुने घाला, दवानं बांधावरचं गवत इतकं भिजलेलं असतं की दहा मिनिटात मोजे ओले होतात. पेरलेल्या रानातून शॉर्टकट मारायचा नाही, मसूर लहान असते, पायाखाली गेली तर कळत पण नाही.

आता गोठा. बाहेरूनच हाक मारायची, "मामा, जनावरं बघायला येऊ काय ओ?" कुणी कन्नड बोलणारं असलं तर "अण्णा", "अक्का" म्हणा, तेवढ्यानं माणूस हसतो. आणि हे बघा, मालक "या की" म्हणेपर्यंत आत पाय टाकायचा नाही, मग दार उघडं असू दे नाहीतर नसू दे. आत गेल्यावर पहिला प्रश्न, कुठलं जनावर मारकं आहे आणि कुठलं नुकतंच व्यालंय? व्यालेल्या म्हशीच्या आणि रेडकाच्या मधी कुणी उभं राहायचं नाही.

जनावराकडं पाठीमागून जायचं नाही. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूला असतात म्हणून तिला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त बरोबर मागचं दिसत नाही, आणि न दिसलेलं काही हललं की लाथ बसते. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत, सावकाश जायचं. आमच्या ग्रुपातल्या एकानं खिलार बैलाच्या मागं जाऊन सेल्फी स्टिक उघडली होती, बैलानं असा हिसडा दिला की कासरा ताणून खुंटा हलला. मालकानं नुसतं "हौ हौ" करत त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बैल थांबला, पण मला अजून आठवलं की धडधडतं. खिलार तापट असतंच, त्याला लांबूनच बघा.

गाईच्या डोक्यावर हात लगेच ठेवू नका. मूठ सैल करून पुढं धरा आणि थांबा. तिला वाटलं तर ती मान लांब करून हुंगते, थंडीत नाकपुड्यातनं वाफ येते ती हाताला गरम लागते, मग जीभ बाहेर येते, खरखरीत, पॉलिश पेपर घासल्यासारखी. मग मानेखालची पोळी हळूच खाजवा, गाय डोळे अर्धे मिटते. नाही आली तर नाही आली, मागं लागायचं नाही. पोरांना तर हे आधीच घरी सांगून ठेवा.

खायला घालायचं ते मालकानं हातात दिलेलंच. डब्यातला भात, चपात्या, बिस्किटं अजिबात नाही. प्रेमानं घातलेलं असलं तरी असलं जास्त पोटात गेलं की पोट बिघडतं, पोटफुगी होते, आणि त्याचा ताप मालकाला. कच्चं दूध कुणी दिलं तर हात जोडून सांगा, उकळून द्या म्हणून.

वाटेत धनगरांची मेंढरं बसलेली दिसतील. शेतकरी खतासाठी ती मुद्दाम आपल्या रानात बसवून घेतात. कळपातनं चालत जायचं नाही, कडेनं वळसा घाला आणि मेंढक्याला लांबूनच हाक द्या, कारण कळपाचे कुत्रे राखणीला असतात. कुत्रा आला तर पळू नका, उभे राहा. चावलाच तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही.

एका गोठ्यातनं दुसऱ्या गोठ्यात जाताना बुटाचं शेण धुवून टाका आणि हात साबणानं धुवा. लाळ-खुरकतीसारखा रोग असाच पायाला लागून गावभर फिरतो.

निघताना पैसे पुढं केले तर बरेच जण रागावतात. त्यापेक्षा त्यांच्याकडचं काही विकत घ्या, वाटाणे, मसूर, काय असेल ते. आणि मालकाचा त्याच्या बैलासोबत एक चांगला फोटो काढा, शहरात जाऊन प्रिंट काढून पुढच्या खेपेला नेऊन द्या. मी दिलेला एक फोटो येळ्ळुरात देवळीत लावलाय, खाली रोज दिवा असतो.