आंबा ऑनलाइन विकताय? या चुका टाळा

वाशी बाजारातल्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईपर्यंत वाट बघायची नाही, आंबा थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा, या विचाराने आमच्या देवगड तालुक्यात आता बऱ्याच बागायतदारांची फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पेजेस झाली आहेत. माझ्या बागेबरोबर शेजारच्या दोन-तीन घरांची पेजेसही मी सांभाळतो. दर हंगामात तीच तक्रार ऐकतो, 'लाइक येतात, ऑर्डर येत नाहीत.'

पुण्यात बसलेल्या माणसाला तुमचा आंबा हुंगता येत नाही, देठाकडे बघता येत नाही. त्याच्या मनात तीन शंका असतात. हा खरंच यांच्या बागेतला का? कार्बाइड घालून पिकवलाय का? आणि खराब निघाला तर माझे पैसे गेले का? पेजवर जे काही टाकाल त्यातून या तिन्हींची उत्तरं मिळाली पाहिजेत. ती मिळत नाहीत, तिथे ऑर्डर अडते.

एप्रिलमध्ये जागं होणारं पेज

वर्षभर पेज गप्प आणि पाडवा झाल्यावर एकदम 'बुकिंग सुरू' असं बरेचजण करतात. त्या वेळी सगळेच ओरडत असतात आणि तुमचं पेज कुणाला दिसतही नाही. मोहोर फुटल्यापासून आंबा काढणीला यायला साधारण चार महिने लागतात आणि या चार महिन्यांत दाखवण्यासारखं खूप घडतं. मोहोर, मग कणी, मग सुपारीएवढी फळं. तुडतुड्यावर फवारणी केली तर कधी केली आणि शेवटची कधी थांबवली, हेही सांगा. अवकाळी पावसाने कणी गळली तर गळलेली कणी हातात घेऊन फोटो टाका. तो फोटो ज्याने जानेवारीत पाहिलाय, तो एप्रिलमध्ये 'भाव एवढा का' असं विचारत नाही. आठवड्याला दोन पोस्ट पुरतात. मोबाइल आडवा-उभा कसाही धरा, पण झाड तुमचंच असू द्या.

उसने फोटो आणि उसनं नाव

इंटरनेटवरून उचललेला पिवळाधमक आंबा टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. अढीत पेंढ्यावर पिकलेल्या हापूसचा रंग सगळ्या फळांना सारखा येत नाही. एकाच पेटीत कुठे केशरी छटा, कुठे अजून हिरवट. फिल्टर लावून सगळी फळं एकसारखी पिवळी केलीत, तर पेटी उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणणार, 'फोटोतला आंबा कुठाय?' शिवाय एकसारखा पिवळा रंग बघून जाणकाराला कार्बाइडचीच शंका येते. सकाळच्या उजेडात, अंगणात, काट्यावर ठेवलेल्या फळाचा फोटो काढा. वजन दिसतं, आकार कळतो.

'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' हे शब्द आता प्रत्येक पेजवर आहेत, त्यामुळे त्यांना वजन उरलेलं नाही. अढी घालतानाचा व्हिडिओ टाका. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळ घळीने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) कसं काढतात, देठ कसा राखतात, पेंढा कसा अंथरतात, सगळं दाखवा. एथिलीनच्या (फळ पिकवणाऱ्या वायूच्या) चेंबरमध्ये पिकवत असाल तर तसं सरळ लिहा. कॅल्शियम कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे, पण ठरवून दिलेल्या मर्यादेत एथिलीन वापरायला परवानगी आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

नावाबद्दलही सांगतो, कारण हा मला फार जिव्हाळ्याचा विषय आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्याला. मानांकनाचं नाव आणि चिन्ह पेटीवर किंवा पेजवर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती केली नसेल तर करून घ्या आणि नोंदणीचा फोटो पेजवर सगळ्यात वर ठेवा. बाहेरून आणलेला आंबा 'देवगड' म्हणून विकू नका. आपल्याच नावाची पत आपणच घालवतो आणि शेजाऱ्याचीही घालवतो.

'भावासाठी इनबॉक्स करा'

हे वाक्य कायमचं पुसून टाका. भाव विचारायला लाजणारी माणसं खूप असतात, ती पुढे सरकतात. नुसतं 'पेटी इतक्याला' लिहिणंही अपुरं आहे, कारण फळाच्या आकाराप्रमाणे पेटीत चार डझनही बसतात आणि सातही. एका फळाचं साधारण वजन, किती डझन, पोचवण्याचा खर्च धरून की सोडून, आणि भाव कुठल्या तारखेचा, हे सगळं एकाच पोस्टमध्ये लिहून ती वर पिन करा. मे उजाडला की भाव उतरतात. जुनी पोस्ट तशीच राहिली तर भांडण ठरलेलं. आंबा हातात पडेल तेव्हा कच्चा असेल की अर्धपिका, खायला किती दिवसांनी होईल, हेही लिहा. अक्षय्य तृतीयेला पिकलेला आंबा हवा असणाऱ्याला आदल्या दिवशी हिरवी पेटी पोचली, तर दोष पार्सलवाल्याला नाही, तुम्हाला लागतो.

पैसे खर्चूनही पोहोच नाही

'बूस्ट'चं बटण दाबताना गाव निवडलं नाही, तर जिथे तुम्ही पार्सल पाठवूच शकत नाही तिथले लोक अंगठे देऊन जातात. पुणे, ठाणे, मुंबई, जिथे तुमची गाडी खरोखर जाते तेवढंच निवडा आणि उद्देश 'लाइक' न ठेवता 'मेसेज' ठेवा. विकत घेतलेले फॉलोअर्स आंबा खात नाहीत. उलट ते पोस्टकडे बघत नाहीत म्हणून ती पुढे इतरांनाही कमी दिसते.

व्हॉट्सॲपचं दुखणं वेगळं. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. पेटीत एक चिठ्ठी घाला, 'पुढच्या हंगामाची बातमी हवी असेल तर हा नंबर सेव्ह करा.' अनोळखी नंबरांवर धडाधड मेसेज टाकू नका. लोकांनी तक्रार केली की नंबरच बंद होतो, आणि तोही ऐन हंगामात.

साका निघाला, आता काय?

कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हापूस विकणाऱ्याला साका चुकत नाही आणि बाहेरून तो ओळखता येत नाही. तापलेल्या जमिनीवर फळ पडून राहिलं की धोका वाढतो, म्हणून काढणी सकाळी आणि फळ लगेच सावलीत. तरीही निघतो. मग कुणीतरी पोस्टखाली कापलेल्या आंब्याचा फोटो टाकतो आणि आपण घाबरून ती कमेंट उडवतो. मीही पहिल्या वर्षी उडवली होती. त्या बाईंनी मग त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो टाकला आणि त्या इमारतीतून मला पुन्हा एकही ऑर्डर आली नाही.

आता मी हंगामाच्या सुरुवातीलाच साका म्हणजे काय याचा फोटोसह खुलासा टाकतो. कमेंट आली की तिथेच सगळ्यांसमोर लिहितो, 'ताई, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, जेवढी फळं खराब तेवढी भरून देतो', आणि देतो.

पेज एकाचं, चावी दुसऱ्याकडे

पेज पुतण्याने काढलं, पुतण्या नोकरीला गेला, पासवर्ड त्याच्या जुन्या फोनमध्ये. हे घरोघरी घडतं. पेजला घरातले दोन ॲडमिन ठेवा आणि दुहेरी पडताळणी चालू करा. 'तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, इथे लॉगिन करा' असे मेसेज फसवे असतात, लिंक उघडू नका. 'लष्करात आहे, वीस पेट्या हव्यात, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असं सांगणारा फोन आला तर तिथेच ठेवा. पैसे यायला यूपीआयचा पिन लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

पाऊस लागला की मी त्या हंगामातली सगळी नावं गावाप्रमाणे वहीत उतरवतो. कुणाला किती डझन गेले, कुणाला साका निघाला, तेही लिहितो. पुढच्या मार्चमधला पहिला मेसेज साका निघालेल्यांनाच जातो.