व, व्ह आणि माझा छापून आलेला लेख

माझ्या पहिल्या लेखाचं शीर्षक होतं 'ग्रामीण भागातील इंग्रजी अध्यापन: समस्या आणि उपाय'. सात पानं. पाच महिन्यांनी परत आला, सोबत एकच प्रश्न: यात तुमचा वर्ग कुठे आहे? तेव्हा राग आला होता. आता लेख कसा लिहावा असं कुणी विचारलं की मीही हाच प्रश्न टाकते.

इंग्रजी शिक्षकांसाठीच्या नियतकालिकात लिहायचं तर विषय लहान घ्या. एका तासात मावेल इतका. माझा दुसरा लेख आठवीच्या वर्गातल्या एकाच भानगडीवर होता. मुलं 'वेट' आणि 'व्हेट' सारखंच म्हणायची. मी जेवणाच्या डब्यांची स्टीलची झाकणं आरशासारखी धरायला लावली. वरचे दात खालच्या ओठावर टेकले की व्ह, ओठांचा चंबू झाला की व. आपली देवनागरी हा फरक लिहून दाखवते, तिचाच आधार घ्या, असं मी लिहिलं.

छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी तिथेच पकडलं. मराठीत 'व्हाईट' आणि 'व्हेल मासा' लिहितात, तिथे तर ओठांचा चंबूच हवा, त्याचं काय? खरंच की! 'डब्ल्यू'पुढे 'एच' दिसला की आपण बिनदिक्कत 'व्ह' लिहितो. पुन्हा वर्गात गेले, मुलांकडून असे शब्द गोळा केले, फळ्यावर लिहून ओठांची कसरत पुन्हा घेतली आणि दोन पानं वाढवली. लेखातला तोच भाग आज मला आवडतो. तेव्हा शेरे आले की एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे काय बदललं ते लिहा. पटलं नाही तर का पटलं नाही तेही लिहा, चालतं.

कुठे पाठवायचं? आधी तिथले तीन-चार जुने अंक वाचा. 1946 पासून निघणारं ऑक्सफर्डचं 'ईएलटी जर्नल' त्रैमासिक आहे. तिथे अनुभवाला सिद्धान्ताची जोड लागते आणि स्पर्धा जगभराची. चेन्नईच्या 'एल्टाय' या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेचं द्वैमासिक आपल्याला जवळचं. शब्दमर्यादा आणि संदर्भ देण्याची पद्धत सूचनांमध्ये असते, ती मुकाट पाळा. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका.

आणि घाई करणाऱ्यांपासून सांभाळा. एका ठिकाणाहून मला तिसऱ्याच दिवशी 'लेख स्वीकृत' असा मेल आला, खाली अठराशे रुपये भरायचा क्यूआर कोड. तीन दिवसांत तर आमचे मुख्याध्यापक रजेचा अर्जही वाचत नाहीत. बढतीच्या गुणांसाठी प्राध्यापक मंडळी इथे फसतात. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायचं काम आता आपल्याच गळ्यात. संपादक मंडळातल्या एखाद्याच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन तो माणूस तिथे खरंच आहे का, एवढं तरी पाहा.

मुलांची नावं बदला. त्यांच्या वहीचं पान छापणार असाल तर पालकांची लेखी परवानगी घ्या. मी पालकसभेतच सह्या घेतल्या. एका आजोबांनी आधी सगळा कागद मोठ्याने वाचायला लावला.

परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून लेखातून आपलं आणि शाळेचं नाव काढायचं असतं. ते सगळे काढतात. पण फाईलच्या माहितीतही लेखकाचं नाव चिकटलेलं असतं, तेही पुसा. माझ्या फाईलमध्ये ते राहून गेलं होतं. नशिबाने लॅपटॉप मुलाचा, त्यामुळे तिथे लेखक म्हणून बारावीतला माझा चिरंजीव झळकत होता.