चोचीत काय आहे ते बघा : पेटीतलं घरटं बाहेरून वाचायचं कसं

20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने 2010 मध्ये त्याची सुरुवात केली. आता त्या आठवड्यात गावोगावी लाकडी घरटी वाटली जातात. हेतू चांगलाच आहे, पण वेळ जरा उशिराची. मार्च उजाडेपर्यंत बऱ्याच जोड्यांनी जागा धरलेली असते. पेटी दिवाळीनंतर, फार तर जानेवारीत लावावी. नव्या वस्तूला सरावायला पक्ष्यांना काही आठवडे लागतात.

आधी ठरवा, पाहुणा कोण

पेटीत सगळे पक्षी येत नाहीत. बुलबुल वेलींच्या गुंत्यात वाटीसारखं घरटं करतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर फांदीला घरटं टांगतो. त्यांना पेटी नको, झुडपं हवीत. पेटीत येतात ते ढोलीत, भिंतीच्या भोकात किंवा वळचणीला घरटं करणारे. आपल्याकडच्या अंगणात हे मुख्यतः तिघं: चिमणी, दयाळ आणि साळुंकी. आजूबाजूला चिमण्या दिसतच नसतील तर नुसत्या पेटीने त्या येणार नाहीत. अशा ठिकाणी दयाळासाठी पेटी लावलेली बरी.

पेटी

अर्धा ते पाऊण इंच जाडीची साधी लाकडी फळी घ्या. स्वस्त प्लायवुडचे पापुद्रे पहिल्याच पावसाळ्यात सुटतात. चिमणीसाठी तळ आतून साधारण 15 सेंमी चौरस आणि उंची 20 ते 25 सेंमी पुरते. भोक तळापासून 12 ते 15 सेंमी वर आणि 32 मिमी, म्हणजे सव्वा इंच व्यासाचं. हे माप सुताराला लिहून द्या. तेवढ्या भोकातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. दोन इंच ठेवलंत की साळुंकी आत आणि चिमण्या बाहेर. दयाळाला मात्र दोन इंचच लागतात, त्यामुळे तिथे साळुंकी घुसण्याची शक्यता धरूनच चालायचं.

तळाला चार बारीक छिद्रं पाण्यासाठी, वर छपराखाली दोन-तीन हवेसाठी. छप्पर पुढे दोन-तीन इंच आलेलं असावं. एक बाजू स्क्रूने उघडता येईल अशी ठेवा, सफाईला लागते. आतून रंग नको. भोकाखाली बसायला दांडी नको. चिमणीला तिची गरज नसते, ती कामी येते कावळ्याला. बाजारात मिळणारी रंगीत, धुराडं आणि दांडीवाली चिमुकली घरं माणसांना आवडतात एवढंच. खारी भोक कुरतडून मोठं करत असतील तर त्याभोवती पत्र्याची चकती ठोका.

जागा

जमिनीपासून 8 ते 10 फूट उंच, मांजराला उडी मारता येणार नाही अशी भिंत. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो आणि दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून त्या दोन्ही बाजू टाळा. विदर्भ-मराठवाड्यात तर सावली ही पहिली अट समजा. तापलेल्या पेटीत पिल्लं मरतात. पत्र्याच्या छपराखाली पेटी लावू नका आणि पंख्याजवळ तर मुळीच नको.

चिमण्यांना शेजार आवडतो, दोन-तीन फुटांवर दोन-तीन पेट्या लावल्या तरी चालतात. दयाळाचं उलट आहे. नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला फिरकू देत नाही, म्हणून अंगणात एकच पेटी.

बघायला बसा

इथे एकच नियम: पेटी उघडायची नाही. मोबाईल भोकाला लावून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. पण आत काय चाललंय हे बाहेर बसून, चोचीकडे बघून जवळजवळ सगळं कळतं. 15-20 फुटांवर खुर्ची टाका, रोज साधारण त्याच जागी बसा. दुर्बीण असेल तर उत्तम, 8×42 ची (आठपट जवळ दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. सकाळचा पहिला दीड तास सगळ्यात गजबजलेला असतो.

सुरुवातीला नर चिमणा, गळ्याखाली काळा डाग असलेला, पेटीच्या छपरावर बसून एकसुरी चिवचिवत राहतो. जागा मिळाली आहे, मादी हवी आहे, असा त्याचा अर्थ. मग चोचीत काड्या आणि वाळलं गवत दिसू लागतं. पिसं नेताना दिसली की आतलं अस्तर चाललं आहे आणि अंडी फार लांब नाहीत.

त्यानंतर अचानक शांतता होते. चोची रिकाम्या आणि फेऱ्या तुरळक. बरेच जण इथे निराश होऊन उठतात, पण हीच अंडी उबवण्याची वेळ. अंडी साधारण तीन ते पाच. दिवसा नर-मादी आळीपाळीने आत जातात, रात्री मादी बसते. 11 ते 14 दिवस असे जातात.

मग एके सकाळी चोचीत बारीक किडा दिसतो. तारीख लिहून ठेवा, पिल्लं बाहेर आली आहेत. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना आधी किडे आणि अळ्याच भरवते. म्हणून या दिवसांत गुलाबावर, कढीपत्त्यावर औषध फवारू नका. पुढे अळ्या मोठ्या होत जातात, फेऱ्या वाढतात आणि परत जाताना पालकांच्या चोचीत पांढरी पुडी दिसते. ती पिल्लांची विष्ठा, घरटं स्वच्छ ठेवायला ते ती लांब टाकतात. साधारण दोन आठवड्यांनी पालक घास घेऊन आत न जाता समोरच्या तारेवर बसून बोलवू लागले, की पिल्लं एक-दोन दिवसांत उडणार.

दयाळाचं वाचन थोडं वेगळं. घरटं बांधणं आणि उबवणं ही दोन्ही कामं मादीची. काळा-पांढरा नर पहाटे अँटेनावर किंवा शेंड्यावर बसून गात असतो आणि हद्द राखतो. मार्चपासून जुलैपर्यंत हे चालतं. भरवायला मात्र तोही येतो.

रात्रीचा मुक्काम

सूर्यास्ताआधी अर्धा तास बसलात तर वेगळाच कार्यक्रम दिसतो. थव्यातल्या चिमण्या बोगनवेल किंवा मेंदीच्या दाट कुंपणात जमून जागेसाठी भांडतात आणि अंधार पडताच गप्प होतात. पेटी धरलेला एखादा नर मात्र हंगाम नसतानाही पेटीतच झोपायला जातो. किती वाजता कोण आत गेलं हे मोजायला अंधुक प्रकाश पुरतो. टॉर्च, फ्लॅश नको, आणि पेटीवर पडणारा अंगणातला दिवा त्या वेळी बंद ठेवा. आत कॅमेरा बसवायचाच असेल तर इन्फ्रारेड आणि जवळचं स्पष्ट दिसणारं भिंग असलेला घ्या, आणि हंगाम सुरू होण्याआधी बसवा.

वही

तारीख, वेळ, नर की मादी, चोचीत काय. इतकंच लिहा. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं पहिलं पक्षी-टिपण चिमण्यांबद्दलच होतं, 1906-07 च्या सुमाराचं. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात मादी अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर. पोरवयातल्या सालिमने आडोशाला बसून त्या नराला छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपलं, तर थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. आठवड्यात असे आठ नर गेले. बंदूक अर्थातच नको, पण त्यांनी जसं आकडा आणि जागा टिपून ठेवली तसं आपल्याला करता येतं.

पिल्लू खाली पडलं तर

पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर मांजर आवरा आणि लांब व्हा. पालक जवळपासच असतात आणि जमिनीवरही भरवतात. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू असेल तर हाताने उचलून पेटीत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा गैरसमज आहे. पिल्लू घरात पाळायला नेऊ नका.

सफाई

पिल्लं उडून गेल्यावर चार-पाच दिवस थांबा. मग मास्क लावून जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता, पेटी उन्हात कडक वाळवा. साबण, फिनेल काही नको. चिमण्या एकामागून एक विणी काढतात, त्यामुळे हा अवधी छोटाच असतो. बाजू उघडल्यावर आत ताजी काडी दिसली, तर स्क्रू परत आवळा आणि सफाई पुढच्या खेपेला.